शिवणखात्याचं दार

प्रिय दादा,

पत्ता जुनाच घातला आहे. तू तिथे नसशील तर पत्र परत येईल, आणि परत आलं तर मला निदान तेवढं तरी कळेल. गेल्या खेपेला फोनवर तू विचारलंस, शिक्षिका होऊन काय करणार, आणि तीही इतिहासाची, पोरांकडून सनावळ्या घोकून घेणार? मी हसले. तू हसला नाहीस. त्या फोनवर तू आणखी एक गोष्ट बोलला होतास, ती शेवटी लिहीन. आधी वर्गाचं लिहिते.

आमच्या कॉलेजचा नियम असा, की स्वतः पाठ घेण्याआधी दुसऱ्यांचे पाठ बघायचे. मला मिळाली नदीपलीकडची शाळा, नववीचा वर्ग, इतिहास. जागा शेवटच्या बाकावर. बाकावर कर्कटकानं कोरलेली नावं आहेत, त्यांतली काही माझ्या वयाची असतील. हातात छापील तक्ता: शिक्षकानं फळा कसा वापरला, प्रश्न कुणाला विचारले, मुलं कुठे कंटाळली. निरीक्षकानं वर्गात बोलायचं नाही, हसायचं नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. नाहीतर मुलं शिक्षकाला सोडून तुमच्याकडे बघू लागतात. पहिल्या दिवशी सरांनी ओळख करून दिली, या छात्राध्यापिका. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे अर्ध्या मॅडम. दुसऱ्या दिवसापासून मी अर्ध्या मॅडमच आहे. जिन्यात भेटली की मुलं तशीच हाक मारतात, आणि मी ओ देते.

सरांचं नाव मुलांनी 'पुरावा सर' ठेवलं आहे. निवृत्तीला आलेले, शर्टाचा खिसा खडूनं कायमचा पांढरा. काहीही सांगा, सर विचारतात, पुरावा? राजा शूर होता. पुरावा? त्याच्या दरबारातल्या कवीनं लिहिलंय, सर. मग उद्या तुझ्या आईनं तुला हुशार म्हटलं तर मी मार्क वाढवू का? एकदा एक मुलगा तास निम्मा झाल्यावर आला आणि म्हणाला, पोट बिघडलं होतं. सर तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग ओरडला, 'पुरावा?' तो म्हणाला, 'घरीच ठेवून आलोय.' त्या दिवशी मी नियम मोडून हसले. तुला सर आवडले असते. तुलाही कुणाचं म्हणणं नुसतं ऐकून घेता येत नसे.

दर वर्षी सर काही दिवस पाठ्यपुस्तक कपाटात ठेवतात आणि आपल्याच गावातली एक घटना घेतात. पुस्तकातली माणसं लांबची, त्यांच्याबद्दल काहीही बोललं तरी कुणी भांडायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. घटनेची कागदपत्रं वर्गात वाटायची, भूमिका वाटायच्या आणि खटला चालवायचा. यंदा कुठली घटना, हे मला आधी माहीत नव्हतं. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'कापड कारखान्याची आग'. मी तक्त्यावर तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा परक्यासारखं ऐकलं. सर म्हणाले, शिवणखात्यात सगळ्या बायकाच होत्या. पुढच्या अंगाला इस्त्रीखातं होतं, तिथे आग लागली. बायका मागच्या दाराकडे धावल्या. कापड चोरीला जातं म्हणून पाळी चालू असताना त्या दाराला बाहेरून कुलूप असे, आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. बऱ्याच बायका त्या दारापाशीच दगावल्या. चौकशी झाली. अहवालात लिहिलं आहे, 'दार कुलूपबंद होते. कुलूप कोयंड्यात, बंद स्थितीत सापडले.' पहारेकरी म्हणाला, मी कुलूप काढलं होतं. ते कुणी ग्राह्य धरलं नाही. पहारेकऱ्याची बायकोसुद्धा आत होती, हे सरांनी सगळ्यांत शेवटी सांगितलं, आवाज जराही न बदलता. पुढच्या बाकावरची मुलगी 'आई गं' म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होते. वाटलेल्या प्रतींवर पहारेकऱ्याचं नाव होतं तिथे सरांनी पांढरी पट्टी चिकटवली होती. एकानं कारण विचारलं. सर म्हणाले, गावातच राहत असतील. पोरंबाळं असतील.

मी कुलूप काढलं होतं. आपल्या घरात हे वाक्य किती वेळा म्हटलं गेलं, दादा. बाबा दुसरं काही म्हणालेच नाहीत. तू त्यांच्यासमोर उभा राहून विचारायचास, मग उघडलं का नाही? ते तेच वाक्य पुन्हा म्हणायचे आणि उठून पाणी प्यायला जायचे. गल्लीतली पोरं आपल्याला कुलूपवाल्याची पोरं म्हणायची. मी रडायचे, तू मारामारी करायचास. मग तुझी दहावी झाली आणि एके सकाळी तू म्हणालास, किल्ली तुमच्या कमरेला होती आणि आई आत होती, याच्यापुढे मला काही ऐकायचं नाही. मी तिसरीत होते, दप्तर भरत होते. बाबा तुझ्या मागे जिन्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. तुझी बॅग कठड्याला घासली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

तू जायच्या आधीच्या त्यांच्या तऱ्हा तुला आठवत असतील. घराचं दार त्यांनी बिजागऱ्यांतून काढलं आणि उलटं बसवलं, बाहेर उघडेल असं. दोन दिवस चौकट ठोकत बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना दार लागायचं. शेजारच्या काकांच्या कपाळाला टेंगूळ आलं तेव्हा ते म्हणाले, 'अहो, हे घराचं दार आहे की कपाटाचं?' काकू महिनाभर बोलत नव्हत्या. तुला त्या दाराची लाज वाटायची. आणि त्यांची ती कुलपाची सवय. बाहेरून आलं की कुलूप काढायचं, कडी सोडायची आणि कुलूप कोयंड्यात अडकवून तिथल्या तिथे पुन्हा दाबून टाकायचं. मग पुन्हा निघताना किल्लीची शोधाशोध. तू वैतागायचास. ते म्हणायचे, मोकळं कुलूप टांगून ठेवू नये, कुणी बदलून नेलं तर? आम्हाला तसंच शिकवलंय. आपल्याला वाटायचं, माणसाचं डोकं फिरलं आहे.

भूमिकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहारेकरी व्हायला कुणीच तयार नव्हतं. ती चिठ्ठी आली खिडकीजवळच्या एका मुलीकडे. ती दिवसभर पेन्सिल कुरतडते म्हणून वर्ग तिला 'खार' म्हणतो. एरवी ती वर्गात बोलत नाही. चिठ्ठी उघडून ती म्हणाली, सर, बदलून मिळेल का? सर म्हणाले, त्यांनाही बदलून मिळाली नव्हती. आरोप करणारा वकील झाला एक नुकताच आवाज फुटलेला मुलगा. त्याला आपला नवा आवाज फार आवडत असावा, कारण तो उगाचच ओरडत होता. मॅनेजर झालेला मुलगा मला सगळ्यांत खरा वाटला. मी फक्त म्हणालो की चोऱ्या थांबल्या पाहिजेत, असं तो म्हणाला, कुलूप लावा असं मी कुठे म्हणालो? वर्ग हसला. बाबा हे कधी सांगत नसत, पण मला खात्री आहे, खरा मॅनेजरही हेच म्हणाला असेल.

खार उभी राहिली. मी कुलूप काढलं होतं, म्हणाली. वकील म्हणाला, मग उघडलं का नाही? माझ्या हातातलं पेन खाली पडलं. तुझेच शब्द, दादा, आणि तुझ्या तेव्हाच्याच वयाच्या तोंडून. खार वकिलाकडे बघतच नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. फळ्यावर सरांनी अहवालातला नकाशा उतरवला होता, दारापाशी एका पाव वर्तुळासारख्या रेषेसकट. तिनं विचारलं, सर, ही कमान कसली? सर म्हणाले, दार कुठल्या बाजूला फिरतं ते तसं दाखवतात. बोलता बोलता तेही थांबले आणि फळ्याजवळ गेले. इतकी वर्षं ते हाच नकाशा काढत आले असतील, आणि ती रेघ त्यांनी नुसतीच उतरवली असेल. खार म्हणाली, म्हणजे हे आत उघडायचं.

तिनं परवानगी मागितली. वर्गाचं दारही आतच उघडतं. ती बाहेर गेली, सगळ्यांना म्हणाली, तुम्ही दाराशी गर्दी करा, आग लागलीय आणि तुम्हाला बाहेर पडायचंय. मुलांना एवढंच हवं होतं. सगळी एकावर एक रेलली, कुणी खोटं खोटं किंचाळत होतं, कुणी कुणाच्या वेण्या ओढत होतं. बाहेरून दार हलत होतं, बोटभर उघडत होतं आणि पुन्हा मिटत होतं. पलीकडून खारचा आवाज येत होता, 'अरे, मागे सरा ना! मी उघडतेय! मागे सरा!' हसण्याच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला, कारण मी लांब होते. हळूहळू पुढच्यांना ऐकू गेला असावा. पुढच्यांचं हसणं थांबलं, मग मधल्यांचं, मग शेवटच्यांचं. एक एक मूल मागे सरकलं. दार उघडलं. खार आत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती खरोखरच रडत होती. वर्गात कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

वकिलालाच काय ते भान होतं. तो म्हणाला, पण कुलूप बंद सापडलं, त्याचं काय? यावेळी तो ओरडला नाही. खार म्हणाली, ते मला माहीत नाही. सर म्हणाले, कुणाला माहीत आहे? आणि दादा, मला माहीत होतं. मी शेवटच्या बाकापाशी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही. सर माझ्याकडे बघत होते, मग मुलंही बघू लागली. निरीक्षकानं बोलायचं नाही. मी खाली बसले. घंटा झाली.

शिक्षकखोलीत सर एकटे होते. तक्त्यावर माझं आडनाव होतं आणि तो तक्ता रोज त्यांच्याच सहीसाठी जायचा; पांढऱ्या पट्टीखालचं नाव फक्त त्यांनी वाचलेलं. म्हणाले, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणाले, असू दे सर. मग मी त्यांना कुलपाचं सांगितलं. काढलं की कोयंड्यात घालून दाबायचं. घरीही बाबा कायम तसंच करायचे. धावपळीतही हात सवयीनं तेच करणार. सर खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. त्यांनी विचारलं, ते वर्गात येऊन बोलतील का? विचारलं आणि लगेच म्हणाले, नको, राहू दे. येणं त्यांना झेपलं नसतं, पण त्यांच्याकडून निदान काही लिहून आणायची मला तोवर घाई झाली होती. वाटेत मी मनातल्या मनात तुला फोनही करून टाकला होता.

बाबा गेलं वर्षभर अंथरुणाला होते. छातीचं दुखणं, त्या धुरापासूनचंच, पण ते तसं म्हणू देत नसत. तुला मी हे सांगितलं नव्हतं, तू विचारलं नव्हतंस. मी खाटेशी बसून सगळं सांगितलं, खार, नकाशा, दाराशी रेललेली मुलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, पोरगी हुशार आहे. मग म्हणाले, पण हे बाहेर बोलायचं नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, बोललो तर त्याचा अर्थ काय होतो? की आतल्या बायकांनीच दार दाबून धरलं. मी कुठल्या तोंडानं म्हणू ते? त्यांच्या घरची माणसं आहेत अजून. दोष एकाच घरात राहिलेला बरा, वाटायला घेतला की घरोघरी जातो. मी म्हणाले, पण चूक त्यांची नव्हतीच बाबा, कुलपाचीही नव्हती. ते म्हणाले, ते तुझ्या सरांना कळतं. रात्रंदिवस विचार करणाऱ्या माणसाला कळत नाही.

मला वाटलं झोपले; मी पांघरूण घालायला उठले तेव्हा ते म्हणाले, मी या बाजूनं ढकलत होतो, त्या त्या बाजूनं. तुझी आई पुढेच होती. मी विचारलं नाही, कशावरून. आवाज ओळखण्याइतकं लाकूड पातळ होतं का, हेही विचारलं नाही. पुरावा मागण्याची ती जागा नव्हती. मग त्यांनी तुझं नाव काढलं. म्हणाले, दादाला लिहू नकोस. त्याला माझा राग आहे तो राहू दे. माझ्यावर रागावून तो जगला. आईवर रागावून कसा जगेल?

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, ते येणार नाहीत आणि काही बोलणारही नाहीत. का, ते सांगितलं नाही. सरांनी मान हलवली. खटल्याचा निकाल न लागताच राहिला. सर मुलांना म्हणाले, आपल्याकडे एक शक्यता आहे, पुरावा नाही. शक्यतेला शक्यता म्हणायचं, त्यात कमीपणा नाही. पण मग त्यांनी एक केलं. फळ्यावर अहवालातलं वाक्य लिहिलं होतं, 'दार कुलूपबंद होते.' ते पुसलं आणि मला पुढे बोलावलं. म्हणाले, आज अर्ध्या मॅडम लिहितील; आपल्याला जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. मी खडू घेतला. अक्षर वाकडं आलं. लिहिलं, 'दार उघडलं नाही.' खार म्हणाली, बरोबर. वकीलही म्हणाला, बरोबर. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

घरी येऊन मी ते वाक्य बाबांना सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. दार उघडलं नाही. त्यांनी डोळे मिटून ते ऐकलं, एखादा जुना हिशेब कुणीतरी बरोबर मांडलेला ऐकावा तसं. म्हणाले, हे चालेल. नंतरचे दिवस ते फारसं बोलले नाहीत. एकदा फक्त विचारलं, त्या पोरीला मार्क बरे दिले का सरांनी?

वर्गात बोलायचं नाही, हा कॉलेजचा नियम. दादाला लिहू नकोस, असं बाबा म्हणाले. आणि तू त्या फोनवर म्हणाला होतास, ते गेले तरी मला कळवू नकोस. तिघांचंही मी ऐकत आले. बाबांचं आज मोडलं, कारण आता रागावणार कोण? तुझं मोडलेलं नाही. मी तुला काहीही कळवलेलं नाही, वर्गात काय झालं तेवढंच लिहिलं आहे. हा आठवडा मी शाळेत गेले नाही. खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे, खोली एकदम मोठी वाटते. शेजारच्या काकू येऊन बसतात आणि काका दाराबाहेर उभे राहतात, कपाळ सांभाळून. अंथरुणाला खिळण्याआधी बाबांनी शेवटचं लावलेलं कुलूप कोयंड्यात तसंच बंद लटकतं आहे. किल्ली त्यांच्या कमरेला असायची, ती कुठे गेली ते माझ्या लक्षात नाही. म्हणून मी बाहेर जाताना दार नुसतंच लोटून जाते. तू आलास आणि मी घरी नसले, तरी थांबू नकोस, आत ये. दार अजून तसंच आहे, बाहेर उघडणारं. तू विसरला असशील आणि सवयीनं ढकलशील, आणि तुला वाटेल बंद आहे. ढकलू नकोस, दादा. ओढ.

तुझीच,
धाकटी